आवाजाचं बिऱ्हाड

एकोणीस जुलैपासून माझा आवाज दापोलीला माझ्या बायकोजवळ राहतो आणि मी कराडला राहतो.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तक्रारी मी तीन केल्या, त्यांच्या पोचपावत्या माझ्याजवळ आहेत. बोलून सांगायची सोय उरली नाही म्हणून लिहितोय. शिवाय गावात या प्रकाराबद्दल जे बोललं जातं त्यात माझी बाजू कुठेच नसते. असेल तरी ती दुसऱ्याच्या तोंडून असते.

माझं नाव मुकुंद खटावकर. कराडच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. माझी बायको उल्का सरकारी नोकरीत आहे. तिच्या खात्याचं नाव देत नाही, कारण प्रकरण अजून फाईलवर आहे. मार्चमध्ये तिची दापोलीला बदली झाली. रेडीज काकींच्या घराची मागची खोली तिने भाड्याने घेतली आणि जूनमध्ये परत कराड मिळावं म्हणून अर्ज टाकला. नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर त्यांना शक्यतो एका गावात ठेवावं, असा नियम आहे. त्याला पती-पत्नी एकत्रीकरण म्हणतात. निर्णयाला सहा महिने लागतील असं तिला सांगण्यात आलं.

सहा महिने कसे काढायचे हा प्रश्न होता. फोन होताच, पण फोनवर समोरचा माणूस मध्येच बोलतो. मला रोज संध्याकाळी सलग सांगायचं असतं: प्राचार्य काय म्हणाले, नळाला पाणी कसं आलं, आणि त्यात माझं कसं चुकलं नव्हतं. म्हणून मी हातानेच एक यंत्र बनवलं. काड्यापेटीएवढी दोन वायफायची मॉड्यूल मागवली. कराडच्या मॉड्यूलला माईक जोडला, दापोलीच्या मॉड्यूलला स्पीकर. मी इथे बोललो की तिथे ऐकू येणार. तिच्या बाजूला माईक लावायचं सुचलं नाही असं नाही, पण तशी गरज वाटली नाही.

या मॉड्यूलची स्मरणशक्ती बेताची असते. आधीचं साठून राहिलं की पुढच्याला जागा उरत नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये मी एक ओळ घातली: पाठवून झालं की मूळ पुसून टाक.

एकोणीस तारखेला संध्याकाळी सहा वाजता मी माईकसमोर बसलो आणि चाळीस मिनिटं बोललो. आवाज दापोलीला स्वच्छ पोचला. शेवटी ‘बरं, ठेवतो’ म्हणायला तोंड उघडलं, तर काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घशाच्या डॉक्टर शिंगटे बाईंकडे गेलो. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं.

"घसा छान आहे," त्या म्हणाल्या. "पण रिकामा आहे. कुठे पाठवलात का?"

मी कागदावर ‘दापोली’ असं लिहून दाखवलं.

"मग दापोलीच्या डॉक्टरांना दाखवा. इथे मी काय तपासणार?" असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तिथून मी पोतदार सरांकडे गेलो. आमच्या हौशी इलेक्ट्रॉनिक्स मंडळाचे ते अध्यक्ष. त्यांनी माझा प्रोग्रॅम चष्मा वर करून वाचला, पुसून टाकायच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"खटावकर, फोनमधून आवाज नुसता भेटीला जातो, बोलून झालं की घरी येतो. तुम्ही त्याला बिऱ्हाडासकट धाडलंत. आणि तिकडे माईक नाही म्हणजे परतीचा रस्ताच नाही. तो तरी बिचारा काय करणार?"

बिचारा! मला वाटलं होतं, ते मला बिचारा म्हणतील.

कॉलेजात माझ्या बोलण्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. आवाज गेल्याचं प्राचार्यांच्या लक्षात नवव्या दिवशी आलं, आणि तेही ‘हल्ली प्रयोगशाळेचं वातावरण सुधारलंय’ अशा शब्दांत.

उल्काने पहिले दोन दिवस माझी फार काळजी केली. फोन करायची. मी टेबलावर टकटक करून उत्तर द्यायचो: एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. जेवलात का? टक. औषध घेतलंत का? टक टक. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि तिकडे वळून म्हणाली, "अरे, थांब जरा. यांच्याशी बोलतेय ना मी."

मला ती अठरा वर्षं अहो म्हणते.

मग मागून माझा आवाज आला. अगदी माझाच, सकाळचा, थोडा बसलेला. तो म्हणाला, "बोल निवांत. पोहे फार छान झालेत, एवढंच सांगत होतो."

मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. माझ्या आवाजात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझ्या आवाजात पोह्यांबद्दल आजवर जी वाक्यं झाली ती मिठाबद्दल होती. माझा नुसता जळफळाट झाला. टेबलावर किती वेळा टकटक केलं ते मोजलं नाही, पण त्याला आमच्या ठरलेल्या भाषेत काही अर्थ नव्हता.

पुढे रोज काही ना काही कानावर येऊ लागलं. उल्का लपवायची नाही, हाच तर त्रास. ऑफिसातून आली की तो विचारतो, दिवस कसा गेला. ती सांगते. तो मध्ये फक्त ‘मग?’ म्हणतो. तिच्या साहेबाने तिची टिपणी स्वतःच्या नावावर खपवली, हे त्याला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. लहानपणी ती सायकलवरून विहिरीच्या काठापर्यंत गेली होती, हे त्याला माहीत होतं. तिला कारल्याची भाजी आवडत नाही हेही त्याला कळलं. आमच्याकडे दर गुरुवारी कारलं असतं, कारण मला आवडतं.

मी तिला मेसेज पाठवला: त्याचा प्लग काढून ठेव.

तिचं उत्तर आलं: काल दोन तास काढला होता. मग लावला.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसरा कुणी पुरुष असता तर निदान चार लोक माझ्या बाजूने उभे राहिले असते. इथे सगळे म्हणत, अहो, तुमचाच तर आवाज आहे. माझाच होता म्हणून तर आग होत होती! माझ्याजवळ असताना हे सगळं बोलायला त्याला कुणी बंदी केली होती?

ऑगस्टमध्ये मी कुरियरने दापोलीला माईक पाठवला आणि इकडे स्पीकर जोडला. आता त्याने माईकवर एक वाक्य बोलायचा अवकाश, तो कराडला परत. उल्काने माईक लावला. आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"अहो, माईक लावला की तो गप्प बसतो," ती म्हणाली. "घशात काही अडकल्यासारखा नुसता बसून राहतो. चार दिवस मी वाट पाहिली."

मी एकदा टकटक केलं. म्हणजे हो, पुढे सांग.

"तो गप्प असला की खोली खायला उठते हो. म्हणून मी माईक काढून ठेवला. रागावलात का?"

मी दोनदा टकटक केलं. ते खोटं होतं. टकटक करून खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी समजलं.

सप्टेंबरात खरी आपत्ती आली. एकत्रीकरणाच्या अर्जाची पडताळणी करायला खात्याचा माणूस दापोलीला गेला. उल्का बाजारात गेली होती. त्याने दार वाजवलं. आतून माझा आवाज म्हणाला, "कोण? बसा ना ओट्यावर, उल्का येईलच एवढ्यात. मी उठू शकत नाही, क्षमा करा." त्या माणसाने ओट्यावर बसूनच अहवाल लिहिला: ‘अर्जदाराचे पती अर्जदारासोबत वास्तव्यास असून स्वभावाने नम्र आहेत. एकत्रीकरण आधीच झालेले असल्याने बदलीची आवश्यकता दिसत नाही.’

म्हणजे तो तिथे राहणार, आणि तो तिथे आहे म्हणून ती कराडला येणार नाही. मी तिचा नवरा कराडात बसून टेबल वाजवत राहणार, आणि ते कायमचं. मी हरकत नोंदवली. ऑक्टोबरात विभागीय कार्यालयात सुनावणी लागली.

मी सकाळी साडेदहालाच जाऊन बसलो. अकराला उल्का आली. सात महिन्यांत ती थोडी वाळली होती, पण चेहऱ्यावर तजेला होता. तो पाहून आनंद व्हायला हवा होता. मला तो कुणामुळे आला हे माहीत होतं. तिच्या हातात पोळ्यांचा स्टीलचा डबा होता. झाकणाला भोकं पाडली होती आणि एक वायर बाहेर आली होती.

"काय, बरे आहात ना?" डब्यातून माझा आवाज म्हणाला. "मागचा खोकला गेला का?"

मी तोंड फिरवलं. उत्तर द्यायची इच्छाही नव्हती आणि सोयही.

उपसंचालक तांबट साहेब शांत माणूस होते. त्यांनी शिपायाला तीन खुर्च्या मांडायला सांगितल्या आणि डबा तिसऱ्या खुर्चीवर ठेवायला लावला.

"आपलं नाव?" त्यांनी मला विचारलं.

"मुकुंद खटावकर," डब्यातून उत्तर आलं.

"मी यांना विचारतोय."

"तेच सांगतोय साहेब. त्यांचं आणि माझं नाव एकच आहे."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "अडचण अशी आहे," ते म्हणाले, "की नियमात पती एकच धरलेला आहे. यांपैकी पती कोण, हे आधी ठरवावं लागेल. बाई, लग्नात नाव कोणी घेतलं होतं?"

"मी घेतलं होतं," उल्का म्हणाली. "यांनाही सगळ्यांनी खूप आग्रह केला. हे म्हणाले, असला पोरकटपणा मला जमणार नाही."

"म्हणजे पतीच्या बाजूचा उखाणा बाकी आहे." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग आत्ता घ्या. दोघांनाही संधी आहे. यांनी लिहून दिला तरी चालेल."

मी कागद ओढला. ‘उल्का’ असं लिहिलं. तिच्याबद्दल काहीतरी लिहायचं होतं आणि अठरा वर्षांतलं काहीही आठवेना. कारल्याची भाजी आठवली. तेवढ्यात डब्यातून घसा साफ केल्यासारखं झालं, तसा मी बोलण्याआधी नेहमी करत असे, आणि तो म्हणाला:

"हर्णैच्या किनाऱ्यावर सुरूची रांग,
उल्का, आजचा दिवस कसा गेला ते सांग."

शिपाई "वा!" म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, पण रागावले नाहीत. उल्का खाली बघत पदराच्या टोकाशी चाळा करत होती. आणि मी, माझं म्हणाल तर, त्या डब्यावर झडप घालून त्याची वायर उपटावी असं मला वाटलं. हा उखाणा माझ्याच गळ्यात अठरा वर्षं पडून होता आणि मला कुणी कळवलं नव्हतं.

"बाई," साहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं काय आहे?"

"अर्ज मी जूनमध्ये केला होता साहेब. तेव्हा मला कराडला जायचं होतं."

"आणि आता?"

उल्काने माझ्याकडे पाहिलं. मी सकाळी घाईत शर्टाची बटणं चुकवून लावली होती. ती माझ्यासाठी काही निवडणार असेल तर ते आत्ताच, हे मला कळत होतं, आणि माझ्याकडे तिला देण्यासारखा एक कोरा कागद होता, वर तिचं नाव लिहिलेला. मी तोच तिच्यापुढे सरकवला.

"घर कराडला आहे," ती शेवटी म्हणाली. "हे तिथे एकटे आहेत. यांचं बरं चाललेलं नाही, दिसतंच आहे."

"आणि हा?"

"त्याला दापोलीची हवा मानवते," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. डबा गप्प होता. ती रडते तेव्हा गप्प बसायचं असतं, हेसुद्धा त्याला माहीत होतं. मी अशा वेळी आजवर कारण विचारत आलोय.

निकाल आठ दिवसांनी आला. ‘कार्यालयातील हजेरी ज्याच्या अंगठ्याने लागते त्यास पती समजण्यात यावे. आवाज हा पतीचा परगावी राहणारा भाग समजण्यात यावा. त्यास प्रवासभत्ता देय नाही. अर्जदाराची बदली कराड येथे मंजूर.’ मी तो कागद फ्रेम करून घेतला.

उल्का नोव्हेंबरात घरी आली. डबा तिने रेडीज काकींकडे ठेवला. काकी म्हणाल्या, "ऱ्हाऊंदे की इथं. माझं ऐकतो तरी. आमच्या घरात कोण ऐकतंय?"

मी जिंकलो होतो. रोज संध्याकाळी उल्का स्वयंपाकघरात बोलायची आणि मी समोर बसून ऐकायचो. कारलं मी स्वतःहून बंद केलं. तिचा साहेब, तिची टिपणी, विहीर, सायकल, सगळं मीही ऐकलं. पण तिचं एक वाक्य संपलं की ती जरा थांबायची. त्या थांबण्यात कुणीतरी ‘मग?’ म्हणायला हवं होतं. मी टेबलावर टकटक करायचो. ती हसायची, पण तिचं लक्ष दाराकडे जायचं.

माझ्या टेबलावर तो जुना माईक तसाच होता, प्लास्टिकच्या पिशवीखाली. तो मी काढला नाही. प्रोग्रॅममधली पुसून टाकायची ओळही तशीच राहिली. त्या माईकवर माझ्याशिवाय कुणी बोलेल असं मला वाटलंच नव्हतं.

अकरा डिसेंबरला मी कॉलेजातून घरी आलो तेव्हा सहा वाजून गेले होते. उल्का माझ्या टेबलाशी बसली होती. पिशवी घडी करून बाजूला ठेवली होती. मॉड्यूलचा निळा दिवा लागला होता. मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने वर पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग कॅलेंडरचं मागचं पान ओढून त्यावर लिहिलं: ‘चहा झाला का, एवढंच विचारणार होते.’

मी खाली लिहिलं: ‘ती ओळ आहे हे तुला माहीत नव्हतं?’

‘माहीत होतं. पोतदार सरांना विचारून खात्री केली होती.’

मी पेन्सिल हातात धरून बसलो. मग लिहिलं: ‘तुला बोलायचं होतं तर मी होतो ना.’

तिने ते वाचलं. माझ्या हातावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने सावकाश लिहिलं: ‘तुम्हाला सांगायची सवय आत्ता कुठे लागत होती. त्याला कळवायचं राहून गेलं होतं की मी नीट पोचले.’

शिंगटे बाईंनी तिचाही घसा तपासला. छान आहे म्हणाल्या. तिच्या खात्याने नोटीस पाठवली आहे: अर्जदार दाम्पत्याचे एकत्रीकरण एकाच वेळी कराड व दापोली अशा दोन ठिकाणी झाल्याचे दिसते, तरी खुलासा करावा. खुलासा आम्ही दोघांनी मिळून लिहिला. कच्चा मसुदा तिचा, अक्षर माझं. सात दिवस रोज संध्याकाळी आम्ही त्यावर बसलो होतो. इतका वेळ एका टेबलाशी आम्ही पूर्वी कधी बसलो नव्हतो.

दापोलीला आम्ही काकींकरवी माईक पुन्हा लावून पाहिला. दोन्ही आवाज त्याच्याजवळ फिरकत नाहीत.

दर रविवारी आम्ही रेडीज काकींना फोन लावतो आणि फोन टेबलावर मध्ये ठेवून दोन्ही बाजूंनी वाकून ऐकतो. काल काकी म्हणाल्या, "दोघांचं बेस चाललंय हो. सकाळी कशावरनं तरी भांडले, मग दुपारपासनं हसतायत. थांबा, दाराशी नेते फोन."

फोन सरकल्याचा आवाज आला. मग लांबून, भिंतीपलीकडून, माझा आवाज काहीतरी सांगत होता. शब्द कळत नव्हते. मध्येच उल्काचा आवाज हसला, अगदी मोठ्याने, धाप लागेपर्यंत. असं हसताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने कॅलेंडरवर लिहून दिलं: ‘मीही नाही.’ तिचे कान लाल झाले होते. मी तिचा हात धरला. तिने माझा इतका घट्ट धरला की बोटं दुखली. तिचाही जळफळाट होत होता, अगदी माझ्याइतकाच. आमच्यात एवढं एकमत लग्नानंतर पहिल्यांदाच झालं.

"ऐकलंत?" काकी परत फोनवर आल्या. "त्यांना तुमचा काय निरोप सांगू?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी टेबलावर दोनदा टकटक केलं.